पलीकडचे पाच पिंजरे

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या आयल्साची गोष्ट सांगते. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

गव्हाच्या शेतांपलीकडे आमचं रान. त्यात वॉयली राहतात: सशाएवढ्या, कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेल्या. त्या किती उरल्यात हे बघायला आयल्सा आणि तिचा नवरा कॉलिन दर मार्चमध्ये चाळीस पिंजरे लावायचे. संध्याकाळी आत पीनट बटर आणि ओट्सचे गोळे, वर गोणपाट. उजाडताच सापडलेली वॉयली कापडी थैलीत घेऊन तोलायची आणि होती तिथेच सोडायची. ऊन चढायच्या आत सगळे पिंजरे बघून दारं बंद व्हायलाच हवीत, नाहीतर आत अडकलेलं जनावर उन्हानं मरतं. नाल्याअलीकडचे पस्तीस पिंजरे तिचे, पलीकडचे पाच त्याचे. आपले आटोपले की ती ओंडक्यावर बसून दोन कप चहा ओतायची. तो पलीकडून येता येता ओरडायचा, "चाळीस, म्हातारे!" मग घरी.

मग एका हिवाळ्यात कॉलिन वारला.

पुढच्या मार्चमध्ये ती एकटीच निघाली. "मी येऊ का गं सोबत?" मी विचारलं.

"तू? वाटभर गात सुटशील, ग्वेन. एक जनावर फिरकायचं नाही."

आमचे पाद्री गाऊन प्रवचन सांगतात, आणि मी ते आठवडाभर गुणगुणत असते. गावाला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता रानातून तिचा फोन आला. "गाडी काढ. माझे दोन हात पुरायचे नाहीत."

झालं होतं असं: पस्तीस दारं लावून ती ओंडक्यावर बसली, दोन कप ओतले, वाट पाहिली, आपला चहा प्यायली आणि घरी गेली. मोजणीची वही उघडली तर छत्तिसापासून पुढे पान कोरं. तशीच धावत परतली.

मी पोचले तेव्हा ओंडक्यावर दुसरा कप तसाच होता, त्यात मुंग्या. छत्तीस आणि सदतीस रिकामे होते, अडतिसाव्या पिंजऱ्यात वॉयली धापा टाकत होती. घाबरून तिनं पिशवीतलं पिल्लू बाहेर टाकलं होतं. बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, उघडंवाघडं.

"गेलं का गं?"

"बघत काय बसलीस? थैली धर. तिचं डोकं झाकलेलं राहू दे."

आयल्सानं पिल्लू तळहातावर घेतलं, त्याचं तोंड आईच्या सडाला लावलं. धरेना. पुन्हा लावलं. धरेना.

"ग्वेन, गा."

"आत्ता?"

"हळू गा गं, म्हणजे माझं लक्ष इथेच राहील."

मी मेंढपाळाच्या प्रवचनातलं कडवं ओठातल्या ओठात धरलं. तिसऱ्या खेपेला पिल्लानं सड पकडला. आयल्सानं पिशवीच्या तोंडावर कागदी चिकटपट्टी लावली, काही तासांत आपोआप सुटणारी. थैली झुडपाकडे उघडली. वॉयली क्षणभर थबकली आणि दिसेनाशी झाली.

"जगेल?"

"कोण जाणे."

उरलेले दोन्ही पिंजरे रिकामे निघाले. शेवटचं दार लावून ती तशीच उभी राहिली, जणू पलीकडून कुणी हाक मारील. मला राहवेना. मी म्हटलं, "चाळीस!"

"तू नको गं," ती हळूच म्हणाली, आणि कपातला गार चहा मातीत ओतायला गेली.

आता दर मार्चला मी सोबत जाते. पिंजरे मोजते, पण मनातल्या मनात. त्या पिल्लाचं पुढे काय झालं, कळलं नाही. तुम्हीही कधी काही मोजत असाल, तर शेवटच्या आकड्याशी घटकाभर थांबा, आणि आमच्या कॉलिनची आठवण काढा.