दोन मुठी राख

शेडनेटखाली फॉक्सटेल पामच्या दोनशे चाळीस पिशव्या होत्या, बारा ओळींत वीस-वीस. नम्रताने वहीत लिहिलं : नवं पान हिरवं अठ्ठावीस; फिकट एकशे एकसष्ट; शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा एकावन्न. बेरीज जुळली, पण हिरवी फक्त अठ्ठावीस होती. या पामला एकच कोंब असतो. तो मेला की झाड गेलं. बाजूने फुटवा येत नाही.

वैशाखरे गावच्या रस्त्याकडेचं हे भातखाचर वडिलांनी, गणू गोजरांनी, तिला एका अटीवर दिलं होतं. "मिरग लागला का मोजू. दोनशे जिती निघाली तर ठेव तुजं नेट. नायतर मी भात लावनार. कोल्ह्याच्या शेपटीनं पोट नाय भरत गो."

मृगाला सतरा दिवस उरले होते.

तिने पिशवीतली माती पाण्यात ढवळून त्यात तपासणीची कागदी पट्टी बुडवली. सामू, म्हणजे पीएच, साडेआठ. भरताना तिने स्वतः तो साडेसहा मोजला होता. रोज पाणी घालायला पाड्यावरून येणाऱ्या गंगीमावशीला तिने विचारलं, "पिशव्यांत कुणी काय घातलं का?"

"मी कशाला घालू? तुजा बाप आलता टोपली घेऊन. राबाची राख, दोन-दोन मुठी. शेवटच्या ओळीत तर टोपलीच झाडली. म्हनला, पोरीला सांगू नको, ती पुस्तकात बघत बसंल."

गणू बांध घालत होते. नम्रता समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, राख घातलीत?"

"मंग? आमी शेण-पाला भाजून राब करतो, त्यातच भाताचं रोप धरतं. तुजी हिरवीगार व्हावी म्हून घातली."

"भाताला चालते ती. या मातीत राख पडली की मुळांना लोह घेता येत नाही. म्हणून पिवळी पडली."

गणूंनी फावडं टेकलं.

"आता?"

"वरची माती काढायची, पाण्याने धुवायची, लोहासाठी पानांवर हिराकस फवारायचा. मूळ हलवायचं नाही. आणि अटीचं काय?"

"बोललो ते बोललो," ते म्हणाले. "दोनशे." पण संध्याकाळी ओढ्यावरून हंडे वाहायला लागले ते आधी तेच.

धुऊन झाल्यावर नम्रताने प्रत्येक रोपाच्या सुईवर, म्हणजे न उमललेल्या नव्या पानावर, आणि शेजारच्या देठावर एकाच उंचीला शाईची रेघ मारली. रोप जिवंत असेल तर सुई वाढून तिची रेघ वर सरकणार होती. चौथ्या दिवशी काही हललं नाही. सातव्या दिवशी तिला काही सरकल्यासारख्या वाटल्या, पण वाटण्यावर तिचा विश्वास नव्हता. कोंब कुजला असेल तर सुई ओढताच हातात येईल, या भीतीने ती रोपांना हातही लावेना.

मृगाच्या सकाळी गणू वही धरून बसले आणि ती मोजपट्टी घेऊन एकेक रोप मोजत गेली.

"सरकली. सरकली. नाही."

"नाय म्हनताना नीट बघ गो," गंगीमावशी मागून पुटपुटली.

अकरा ओळी झाल्या तेव्हा वहीत सरकलेल्यांच्या एकशे सत्त्याऐंशी खुणा होत्या. राहिली होती टोपली झाडलेली ओळ. गणूंनी पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली.

बाराव्या ओळीत वीसपैकी चौदा सुया सरकल्या होत्या, सर्वांत कमी तीन मिलिमीटर. एकूण दोनशे एक.