उकळलेला डबा

डब्याच्या तोंडाला बांधलेली ट्यूब बोटाने दाबली की पुन्हा वर येत होती – काळी, स्कूटरच्या चाकातली, घट्ट फुगलेली. शेजारच्या डब्यावरची मात्र तशीच मलूल, तिच्यात गॅस फारसा साठलाच नव्हता. छायाबाईंची नजर खाली गेली. डब्यांवर खडूने लिहिलेलं काही उरलं नव्हतं. दोन्हींवर कुंकवाचं स्वस्तिक, एकेक झेंडूचं फूल.

"नवसाबाई, हे कोणी पुसलं?"

"मीच धुतले की. काल खंडेनवमी नव्हती का?" नवसाबाई अंगण झाडता झाडता म्हणाली. "विळा पुजला, पंप पुजला, मग तुमचे शेण खाणारे डबेच तेवढे उपाशी ठेवायचे? लय कळकट झाले होते. नळाखाली नेऊन घासले."

"नेऊन? मग परत ठेवताना कोणता कुठे..."

"दोन्ही सारखेच तर हायेत, बाई."

सारखेच... एकात द्राक्षछाटणीच्या काड्या कुटून, चांगल्या उकळून शेणात कालवलेल्या. दुसऱ्यात तशाच, कच्च्या. उष्णतेनं लाकूड सैल होतं, जंतूंना ते खाणं सोपं जातं, गॅस जास्त मिळतो – अंगणात शिकायला येणाऱ्या मुलींना आपण किती ठामपणे सांगितलं होतं. सोमवारी निफाडच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांच्यातली तृप्ती हेच सांगणार. फुगलेला तो उकळलेला, आणखी काय? पण तेच तर पडताळायचं होतं... झाकणं मेणानं बंद केलेली, उघडली तर हवा शिरणार, सगळंच बिघडणार. उकळलेला भिंतीकडे होता – की पातेलं जड म्हणून चुलीजवळच... वाफ आठवत होती, चटका आठवत होता, डबा आठवत नव्हता. आणि तृप्तीने तेव्हाच विचारलेलं, "बाई, उकळायला जेवढं जळण गेलं, तेवढा तरी गॅस निघेल का?" – त्यावर आपण हसून "बघू की" म्हणालो होतो. तेव्हा तरी ठाऊक होतं का?

फाटक वाजलं. तृप्ती धावतच आली, ट्यूब दाबून पाहिली.

"बाई, फुगली. हाच ना उकळलेला?"

"कशावरून ओळखशील?" छायाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

वर्गात वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारला होता, उत्तर माहीत असताना. मग आज हे शिकवणं की लपवणं... त्यांना ठरवता येईना. तृप्ती सवयीने त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागली. आणि छायाबाई तिच्या.