प्लगाला कुंकू

नत्थूजी रेडिओला हात लावून वारले. पण असं काही घडलंच नाही, हे रुपरावने ठरवून टाकल्यामुळे आपणही दसऱ्याच्या संध्याकाळपासून सुरुवात करू. तेव्हा नत्थूजी जिवंत होते आणि चिवडा खात होते.

रुपराव रेडिओ मेकॅनिक. प्रतापनगरहून सोनं द्यायला धरमपेठेत आला होता. महिन्यापूर्वी त्यानेच नत्थूजींच्या लढाईच्या काळातल्या सेटची सडलेली वायरिंग बदलली होती. त्या सेटात ट्रान्सफॉर्मर नव्हता. दोन पिनांचा प्लग सरळ खोचला तर सेट गायचा. उलटा खोचला तरी गायचाच, फक्त आतल्या पत्र्यात सगळा करंट उतरायचा. त्यात आवाजाचं बटण हरवलेलं. त्या जागी पत्र्याला जोडलेली उघडी लोखंडी दांडी. नवं बटण बाजारात मिळेना, म्हणून रुपरावने प्लगाच्या एका अंगाला नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सांगितलं, लाल वर ठेवायचं. या शोधावर तो आठवडाभर खूश होता.

आता सेटाला झेंडूचा हार होता आणि प्लगाची दोन्ही अंगं लाल होती.

"वहिनी, हे काय केलं?"

"काल पूजा केली नं जी," नत्थूजींची सून गोपिका म्हणाली. "तुमी एकाच अंगाले कुंकू लावलं होतं. दुसरं अंग कसंतरीच दिसे."

रुपरावने प्लग उपसला, कुंकू पुसून खालचा ठिपका शोधला आणि सरळ खोचला. नत्थूजी रबरी चप्पल ओढत आले. दांडीला बोट लावून थांबले.

"बिघडवला गा तू."

"काय बिघडवला, काकाजी?"

"काल झिणझिण्या देऊन राहिला होता. लकव्यानं गेलेली माही मूठ सहा वर्सानं वळली. आता निस्तं गाणं मनते."

"तो करंट होय. मरून जाल."

"पायात चप्पल आहे नं. अन् वैद्यानं दोन वर्स चाटण देलं, त्यानं तं मुंगीसुद्धा चावली नाही."

रुपरावने वायर कापायला पकड काढली.

"सणाच्या दिवशी काहून कापता जी?" गोपिका म्हणाली. "उद्या या."

सणाच्या दिवशी गाणारा रेडिओ कापणं रुपरावलाही बरं वाटेना. पकड खिशात गेली.

"उद्या माह्या घरच्या सेटचं बटण काढून आणतो, काकाजी. तोवर हात लावू नका."

"नाही लावत," नत्थूजी म्हणाले. इतक्या चटकन, की रुपरावला तिथेच शंका यायला हवी होती. त्याऐवजी त्याने आणखी चिवडा घेतला.

सकाळी आठला तो बटण घेऊन पोचला, तर दारात माणसं उभी होती. नत्थूजींनी आंघोळ करून, अनवाणी, ओल्या अंगानेच प्लग उलटा करून दांडी धरली होती. गोपिका रडत नव्हती. तिच्याकडे न बघता रुपरावने दांडीवर बटण बसवलं. अगदी बरोबर बसलं.

दुकानात जाऊन त्याने बिलबुकाचं पान उलटं केलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. वीज निरीक्षक साहेब यांस,

अर्जदार रुपराव, धंदा रेडिओ दुरुस्ती, विनंती करतो की, धरमपेठ भागाचा विद्युतपुरवठा दसऱ्याच्या सायंकाळपासून मागील तारखेने बंद करण्यात यावा, व त्यानुसार नत्थूजी यांस पूर्ववत करून सुनेच्या ताब्यात देण्यात यावे. कार्यवाहीची एक प्रत अर्जदारास मिळावी."