शक्यतो

कचेरीत माझ्या पाठीमागे मला 'शक्यतोबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नसे. पण नाव काही खोटं नव्हतं.

सरकारच्या विधी खात्यात नवी लागले तेव्हाची गोष्ट. मी मसुद्यात लिहिलं होतं, "अर्जदारास तीस दिवसांत उत्तर द्यावे." त्या एका ओळीवर दोन खाती तीन महिने भांडत होती. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पेन्सिलीने एक शब्द मध्ये घुसवला: "शक्यतो तीस दिवसांत." संध्याकाळच्या आत दोन्ही सह्या आल्या. "बाई, दाराला एवढी फट ठेवायची," साहेब म्हणाले. "मग कुणी अडून बसत नाही." मला कोण आनंद झाला होता तेव्हा!

पुढे स्पर्धा आयोगात गेले. मोठ्या कंपन्यांनी सगळा बाजार घशात घालू नये, यावर पहारा ठेवायचं काम. निरोपांचं ॲप चालवणारी एक कंपनी नकाशांची कंपनी विकत घ्यायला निघाली होती. दोघींकडची माणसांची माहिती एकत्र होता कामा नये, यावर मी हटून बसले. त्यांचे सात वकील, मी एकटी. अकराव्या बैठकीत मीच लिहून दिलं, "माहिती शक्यतो स्वतंत्र ठेवावी." निवृत्तीआधीचं शेवटचं काम इंटरनेटवरच्या खासगी माहितीच्या नियमांचं. त्यातलं कलम सतरा माझ्या हातचं: "मृत व्यक्तीची माहिती शक्यतो पुसून टाकावी."

त्यानंतर दीड वर्षाने माझा धाकटा भाऊ गेला. लग्न न करता आईजवळ राहिलेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. अठ्ठेचाळीस हे काय जायचं वय आहे? "येतो गं ताई" एवढंसुद्धा म्हणाला नाही, मेला. मी माझं घर बंद करून आईकडे राहायला आले.

आईला उठून दारापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून त्याने तिच्या फोनवर एक सोय करून ठेवली होती. तो जवळ आला की फोन बोलायचा. त्यात त्याचं नाव आईनेच घातलेलं. तो गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सव्वासहाला मी भाजी चिरत होते आणि फोन बोलला, "ठोंब्या घराजवळ पोहोचला."

माझ्या हातातली सुरी पडली. आई शांतपणे उठली, कडी काढली आणि दार उघडून उभी राहिली.

मग रोजच सव्वासहा. आईला विसरायला व्हायचंच, त्यात फोन तिला रोज सांगायचा की मुलगा आला. खोटं कशाला बोलू, मीही जिन्याकडे कान लावायचे. एकदा तर पाऊल वाजल्यासारखंही वाटलं, आणि मी चक्क "अरे ये ना" म्हणाले.

ॲपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, त्यांचा फोन काही दिवस बंद राहिला की सिस्टीम जुन्या सवयींवरून अंदाज बांधते."

"अहो, माणूस जिवंत नाही!"

"सॉरी मॅडम. पण नकाशा आणि निरोप यांची माहिती आता एकत्र आहे, वेगळी काढणं अवघड जातं. आणि कलम सतरामध्ये 'शक्यतो' असं आहे, मॅडम. वाचून दाखवू का?"

"नको," मी म्हटलं. "पाठ आहे."

फोनचा आवाज बंद करणं माझ्या हातात होतं. पण मग त्यांच्या सिस्टीममध्ये तो रोज साडेपाचला ऑफिसातून निघतच राहिला असता, फक्त आम्हाला कळलं नसतं. तो विचार मला सोसवेना.

अशातच एकदा मी न्हाणीघरात असताना आई त्याला आणायला खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा धरून उभी होती, एका पायात चप्पल. "वर का येत नाहीये गं तो?" म्हणाली. आणखी चार पायऱ्या उतरली असती तर मी आईलाही गमावलं असतं.

त्या दिवसापासून मी कंपनीचा पिच्छा पुरवला. सात महिने, एकोणीस पत्रं. शेवटी कंटाळून त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: खाते पूर्णपणे पुसले आहे. मी ते तीनदा वाचलं आणि ढसाढसा रडले.

संध्याकाळी सव्वासहा झाले. साडेसहा झाले. फोन गप्प. आई उठून दाराशी गेली.

"आज बोलला नाही गं फोन. येईल ना तो?"

उत्तर मी दुपारपासून घोकून ठेवलं होतं. 'आई, तो गेला. आता येणार नाही.' साधी दोन वाक्यं, कुठे फट नाही. तिने कडीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"शक्यतो," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. तिने कडी काढली, दार बोटभर उघडं ठेवलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.