शेवटच्या बाकावरील थाळी

सुज्ञ वाचकहो, चित्त एकाग्र करावे. आता येथे आमच्या मिशन बोर्डिंगच्या भोजनगृहातील एका माध्यान्ह वाचनाचा वृत्तान्त सादर होत आहे. माझे वडील स्वतःचे नाव ऐकण्यासाठी तेथे आले असता त्यांनी काय केले, हे त्यात यथाक्रम येईल. वाचन संपेपर्यंत बोलणे, खोकणे व थाळी वाजविणे वर्ज्य आहे.

आमच्या भोजनगृहात निर्दोष वाचलेल्या प्रत्येक वाक्यागणिक एक बाक वाढत असे.

वाक्य पूर्णविरामापर्यंत स्वच्छ पोहोचले की मागची भिंत हळूच मागे सरके, फरशी तिच्यामागे उलगडत जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक सागवानी बाक उभा असे. वाचणाऱ्याची चूक झाली की फादर रेक्टर चमच्याने मेजावर ठोका देत. मग भिंत एक बाक गिळून पुढे येई. भिंतीलगतचा शेवटचा बाक मात्र भिंतीबरोबरच मागेपुढे होई. याचे कोणालाही आश्चर्य वाटत नसे. शनिवारी आवारातील गवत काढणे, रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि जेवताना भिंत सरकणे, हा आमचा नित्यक्रम होता.

जेवताना मौन पाळावे आणि एका विद्यार्थ्याने वाचनपीठावर उभे राहून संतांची चरित्रे वाचावीत, असा संस्थेचा नियम होता. ज्याचे जेवण झाले त्याने आपली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी पालथी घालावी. शेवटची थाळी पालथी झाली की रेक्टर फादर कुटिन्हो हातातील छोटी घंटा वाजवीत. तिचा नाद मागच्या भिंतीवर आपटण्यापूर्वी वाचकाने पुस्तक मिटून स्वतःचे नाव, पित्याचे नाव व गाव यांचा स्पष्ट उच्चार करून ऐकणाऱ्यांचे आभार मानावेत. त्यानंतर सर्वजण ‘देवाला धन्यवाद’ म्हणत, भोजनगृह आपल्या मूळ मापावर येई आणि बोलण्यास परवानगी मिळे.

माझा मित्र कैतान मकासरे याला एकदा वाचनाची पाळी मिळाली होती. पहिल्याच पानावर भिंत इतकी पुढे आली की मोठी मुले लहान मुलांच्या मांडीवर बसून जेवली आणि फादर कुटिन्हो यांचे कोपर आमटीत बुडाले.

“कैतान,” फादर म्हणाले, “तुझा आवाज बादलीसाठी चांगला आहे.”

त्या दिवसापासून कैतान वाढपी झाला. वाढप्यांना मौन नव्हते. मात्र त्यांना भाकरी आणि आमटी एवढे दोनच शब्द मोठ्याने म्हणण्याची मुभा होती.

आता माझ्याविषयी सांगणे प्राप्त आहे. मी वाचू लागलो की सर्वांची कोपरे सुटी होत. लहान मुले पाय लांब करून जेवत. मधल्या वाटेत बैलगाडी वळविता आली असती. एकदा बिशपसाहेब भेटीस आले, तेव्हा शेवटच्या बाकावरील मुलांना आशीर्वाद देण्यासाठी त्यांना माळ्याच्या सायकलवरून जावे लागले. परत आल्यावर ते घाम पुसत म्हणाले, “हा मुलगा कुणाचा?” फादर कुटिन्हो यांनी माझ्याकडे बोट दाखविले. माझ्या पित्याचे नाव त्यांना आठवले नाही. ही गोष्ट मी वडिलांना कळविली, आणि म्हणून पुढील भेटीच्या रविवारी ते आले.

माझे वडील विहिरी खोदताना सुरुंग लावण्याचे काम करीत. त्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. पवित्र मरियेच्या गुहेजवळ, निवडुंगाच्या कुंड्यांपाशी आम्ही उभे होतो. त्यांनी तांबडा फेटा बांधला होता, आणि उपाशीपोटी चालत आल्यामुळे त्यांच्या ओठांवर धूळ बसली होती.

“बा, काही खाल्लंस का?” मी मोठ्याने विचारले.

“ओरडू नको. देवाची जागा आहे ही,” वडील त्याहून मोठ्याने म्हणाले. “इथं जेवणार हाये ना तुमच्यात. मला एवढं सांग, वाचल्यावर नाव घेत्यात ना? पुरं?”

“पूर्ण घेतात. माझं, मग तुझं, मग गावाचं.”

“लाजऱ्या म्हणून न्हाई ना?”

“लाजरस.”

“हां.” ते गुहेकडे पाहत राहिले. “सगळी ‘ए सुरुंगवाल्या’ म्हणत्यात. मुकादम बी तेच म्हणतो. तुझ्या आईला सांगून आलोय, चारचौघांत माझं नाव ऐकीन, मगच घरी येईन. पण पोरा, एकदम चोख वाच. अडखळत्याच्या तोंडून मला ते नको.”

मी मान हलविली. घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

पाहुण्यांनी भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर बसावे व त्यांना सर्वांत शेवटी वाढावे, असाही नियम होता. वडील तेथे बसले. त्यांच्यापुढे रिकामी थाळी ठेवण्यात आली. मी वाचनपीठावर चढलो, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि वाचू लागलो.

त्या दिवशी माझा आवाज जसा लागला तसा पूर्वी कधीही लागला नव्हता. जोडाक्षरे आपण होऊन जिभेवर येत होती. भिंत थांबेना. एक वाक्य संपण्यापूर्वीच पुढच्या बाकाच्या लाकडाचा वास येऊ लागला. थोड्याच वेळात वडिलांचा चेहरा दिसेनासा झाला. नंतर खांदे दिसेनासे झाले. तांबडा फेटा तेवढा राहिला, तोही डाळिंबाच्या दाण्याएवढा. कैतान बादली घेऊन त्यांच्याकडे निघाला होता. तो जितका पुढे जाई, त्याहून अधिक बाक त्याच्यापुढे मांडले जात.

तेव्हा मला उमगले की, मी जितके चांगले वाचतो तितके वडिलांचे जेवण लांब जाते.

येथे आणखी एक बाब नमूद करतो. नव्या बाकांना लागणारे लाकूड वाचनपीठातूनच जात असावे. आरंभी मला पीठात वळून उभे राहता येई. आता दोन्ही बाजूंच्या फळ्या दंडांना टेकल्या होत्या.

वडिलांची भूक मला सहन होईना. म्हणून संताच्या जन्मगावाचे नाव मी बुद्धिपुरस्सर चुकविले. फादर कुटिन्हो यांनी माझ्याकडे दुःखाने पाहून ठोका दिला. भिंत एक बाक पुढे आली. मी पुढचे वाक्यही चुकविले. पुन्हा ठोका पडला. फेट्याचा दाणा किंचित मोठा झाला.

यानंतर बराच काळ गेला आणि कैतान रिकामी बादली घेऊन आमटी भरण्यासाठी परत आला. वाटेत त्याला मिसरूड फुटले होते. तो माझ्या पीठाजवळून जाताना वाढप्याच्या सुरात ओरडला, “आमटी! तुझ्या बापाजवळ पोचलो नाही, पण तो लांबून ओरडला. पोरगं आजारी आहे का म्हणतो. आमटी!”

मला वाचन थांबविता येत नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले.

“भाकरी!” कैतान म्हणाला. “भिंत दोनदा पुढं आली, म्हणजे दोनदा अडखळला म्हणतो. मुकादमाच्या तोंडचं नाव काय आणि असल्या वाचणाऱ्याच्या तोंडचं काय, सारखंच म्हणतो. चोख वाच म्हणतो. भाकरी!”

मला उत्तर देणे आवश्यक होते. बोलणे वर्ज्य होते, वाचणे वर्ज्य नव्हते. तेव्हा मी पुस्तकात नसलेले एक वाक्य पुस्तकाच्या स्वरात वाचले: “तदनंतर तो संत आपल्या पित्यास विनम्रपणे म्हणाला, तात, आपण प्रथम भोजन करावे; नाव कोठे पळून जात नाही.”

वाक्य निर्दोष उतरले. भिंत एक बाक मागे गेली.

कैतान कपाळावर हात मारून म्हणाला, “अरे बाबा, आता आणखी एक बाक चालायचं. आमटी!” आणि तो बादली भरून पुन्हा निघाला.

त्यानंतर मी एकही चूक केली नाही. वडिलांनी जे मागितले होते तेच देणे मला शक्य होते, आणि ते मी दिले. संतचरित्रांचे पुस्तक संपले. मी शेवटचे कोरे पान उलटले आणि पुढे वाचीत राहिलो. वाक्ये येत होती. ती माझी होती, तरी एकाही वाक्यावर ठोका पडला नाही. दरम्यान पुढच्या बाकांवरील मुलांनी पालथ्या थाळ्यांवर कागद ठेवून सातवीची वार्षिक परीक्षा दिली. मी पीठावर असल्यामुळे मला बसता आले नाही. माझे शिक्षण अपूर्ण राहण्याचे हे एवढेच कारण आहे, आणि ते सांगताना माझी मान खाली जात नाही. फादर कुटिन्हो यांची दाढी पांढरी झाली. ते डोळे मिटून ऐकत होते. वाक्य उत्तम उतरले की त्यांची करंगळी मेजावर हलके उचलली जाई.

भिंत आवाराच्या बाहेर गेली. ती कपाशीच्या रानातून आणि ओढ्यावरून गेली. ओढ्याच्या पात्रातही बाक मांडले गेले व त्यांवर मुले पाय वर घेऊन बसली. माझे प्रत्येक वाक्य पुढच्या बाकापासून मागे जाताना दिसत असे. जेथे ते पोहोचे तेथील माना किंचित हलत, जशी वाऱ्याने ज्वारीची कणसे हलतात. दूरवर मला आमच्या खैरओढा गावचे चिंचेचे झाड दिसले. ते आता भोजनगृहाच्या आत होते. त्याच्या पलीकडे तांबडा दाणा होता. वडील चालत आले होते तेवढी सर्व वाट बसल्या जागी परत गेले होते. दाण्याशेजारी एक हिरवा दाणा येऊन बसला. आईचे लुगडे हिरवे होते.

माझी छाती अभिमानाने भरून आली, परंतु ती भरण्यास पुरेशी जागा नव्हती. वाचनपीठाच्या फळ्या बरगड्यांना भिडल्या होत्या. श्वास अर्धाच येत होता. मी अर्ध्या श्वासाची वाक्ये करू लागलो. तीही निर्दोष होती.

कैतान ओढ्याच्या अलीकडे होता. त्याने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्याचे मला दिसले. तो आता वाकून चालत होता.

इतक्यात शेवटच्या बाकावर काहीतरी चमकले.

फादर कुटिन्हो यांनी डोळे उघडले. त्यांनी हाताची पोकळ मूठ करून तीतून पाहिले. “शेवटची थाळी पालथी झाली,” ते म्हणाले.

मीही पाहिले. ती वडिलांचीच थाळी होती. तिच्या बुडावर ऊन पडले होते. कैतान अजून ओढ्याच्या अलीकडेच होता. त्या थाळीत भाकरीचा तुकडा किंवा आमटीचा थेंब पडलेला नव्हता. वडिलांनी ती उपाशीपोटी, आपल्या हाताने पालथी घातली होती.

मी वाचले: “त्या गृहस्थास अद्याप काहीही वाढलेले नव्हते.”

भिंत एक बाक मागे गेली.

“सुंदर,” फादर कुटिन्हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “अतिशय सुंदर.” आणि त्यांनी घंटा उचलून वाजविली.

घंटेचा नाद पहिल्या बाकावर पोहोचला; तेथील मुले ताठ बसली. मग दुसऱ्या बाकावरील बसली. नाद कपाशीच्या रानात शिरला. तो भिंतीवर आपटेपर्यंतच भोजनगृह थांबते, नंतर ते मूळ मापावर येते. तत्पूर्वी नाव तेथे पोहोचावयास हवे. कैतानने बादली खाली ठेवली आहे आणि तो दोन्ही हात तोंडाशी नेऊन उभा आहे, बहुधा नाव आले की ते पुढे ढकलण्यासाठी. मी पुस्तक मिटले आहे. माझ्याजवळ आता एकच श्वास आहे, तोही पुरा नाही. चिंचेपलीकडे वडील बाकावर उभे राहिले आहेत. त्यांनी तांबडा फेटा उतरवून आईच्या हाती दिला आहे आणि उजवा हात कानामागे धरला आहे.

वाचणारा पास्कल लाजरस दुशिंग, मुक्काम खैरओढा. वाचकांचे आभार.