एका डोळ्याची भारतमाता

लिंगराज पेंटरला बाईचा एकच चेहरा काढता यायचा, आणि तो होता त्याच्या आईचा. गोंदेवाडीच्या आसपासची कोणतीही भिंत बघा. शाळेतली सरस्वती, किराणा दुकानावरची लक्ष्मी, गिरणीवरची अन्नपूर्णा, सगळ्यांना त्या आईचं, भागम्माचंच फताडं नाक आणि हनुवटीवरचा तोच ठसठशीत तीळ. राणीसावरगावच्या रसवंतीवर त्यानं रस पिणारी नटी काढली होती, तिलाही तेच नाक. लोकांना आता त्याचं काही वाटत नव्हतं. देवी दिसते ती अशीच, असं दोन पिढ्या धरून चालल्या होत्या.

त्याची पद्धत ठरलेली होती. अंग, साडी, दागिने मनानं काढायचे. डोळे मात्र शेवटी, आणि तेही आईला समोर बसवून. तिला तो कानडीत अव्वा म्हणायचा, कारण ती मूळची बिदरकडची. अव्वा स्टुलावर बसून पान चघळायची, "आटप की रं, कंबर धरली," म्हणायची, आणि लिंगराज बुबुळं भरायचा. ती समोर नसली की डोळ्यांच्या जागी सदऱ्याची बटणं उमटायची.

यंदा सतरा सप्टेंबरच्या झेंड्याला, मुक्तिसंग्राम दिनाला, तहसीलदार मॅडम गावात येणार होत्या. सरपंच चंद्रभाननं ग्रामपंचायतीची दर्शनी भिंत पांढरी करून घेतली आणि हुकूम सोडला, "भारतमाता पायजे. धा फूट. अन् खाली तुजं नाव टाक, मोठ्या अक्षरात."

तीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्याला पहिल्यांदाच कुणी स्वतःचं नाव टाक म्हणालं. लिंगराज नुसता हरखला. आठ दिवस तो शिडीवरून उतरला तो फक्त जेवायला. सिंह काही जमेना, कुत्रा दिसायला लागला, म्हणून त्याचं अर्धं तोंड पदराखाली झाकलं. मागं देशाचा नकाशा होता. त्यात परभणी दाखवायचा सरपंचाचा हट्ट. ठिपका नेमका मातेच्या बेंबीवर आला, मग परभणी दोन बोटं वर सरकवली. देशाची काही हरकत दिसली नाही.

चौदा तारखेला त्याच भिंतीच्या कडेला मतदार यादी चिकटली. फेरतपासणी झालेली. तिच्यात भागम्माचं नाव नव्हतं.

यादीचं काम शाळेतल्या हरिओम गुरुजींकडं होतं. भागम्मा काठी टेकत त्यांच्यापुढं उभी राहिली.

"मावशी, जन्माचा पुरावा लागतो," गुरुजी म्हणाले.

"आधार हाय की."

"त्याच्यावर एक जानेवारी हाय. गावातले अर्धे म्हातारे एक जानेवारीलाच जन्मलेत. वरून तुमचा जन्म बिदरकडचा. तिकडचा कागद आणा."

भागम्मा भडकली. "म्या जलमले तवा निजामाचं राज होतं! झेंडा लागला तवा म्या परकर घालून पळायले होते. तुमचं सरकार माज्या मागून आलंय. आदी त्येनं मला कागद दाखवावा!"

गुरुजींकडं कोरा अर्ज होता. तो त्यांनी पुढं केला. तिनं तो घेतला नाही. घरी येऊन लिंगराजला म्हणाली, "जिचं नाव यादीत न्हाई, तिचे डोळे भिंतीवर कशाला? म्या बसत न्हाई जा."

झालं! धा फुटी भारतमाता बिनडोळ्यांची उभी. लिंगराजनं चोरून प्रयत्न केला, बटणं आली, पुसली. सरपंच कपाळाला हात लावून म्हणाला, "आंधळी माता दाखवतो का मॅडमला? गॉगल तरी घाल तिला!"

सोळा तारखेला लिंगराज आईच्या पाया पडला. "अव्वा, माजी इज्जत जायलीय." तिनं तोंड फिरवलं. तिच्या नावाचं काय करायचं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सतराच्या सकाळी सहाला तो भिंतीपाशी गेला, तर अव्वा आधीच स्टुलावर. अंघोळ केलेली, इरकली नेसलेली, कपाळावर विभूतीची बोटं, हात मांडीवर आणि मान ताठ.

"काढ," ती म्हणाली. "माज्यापायी तुजं नाव जाऊ ने."

"पान न्हाई का?"

"सरकारी फोटोला पान चालत न्हाई." मग मान न हलवता, "राजा, मला बिदरला धाडतेत का रं? तिकडं आता कोन हाय माजं?"

 या डोळ्यांत लिंगराजनं तीस वर्षं राग बघितला, चेष्टा बघितली, कंटाळाही बघितला. भीती आजच बघितली. स्वतःची त्याला लाज वाटली. त्यानं डावा डोळा काढला, अगदी जिवंत, आणि ब्रश रॉकेलात बुडवला.

"अन् दुसरा?"

"तुजं नाव आल्यावर." उजव्या जागी त्यानं फक्त मिटलेल्या पापणीची एक रेघ ओढली.

झेंड्याच्या वेळी मॅडमनी भिंतीवरचा पडदा ओढला. भारतमाता साऱ्या गावाला डोळा मारत होती. कुणी हसणार, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान! पोरं ओठ चावायलीत, सरपंचाचे खांदे हलायलेत, गुरुजी घामाघूम. पण हलायचं कुणी नाही, बघायचं समोरच.

गीत संपल्यावर मॅडमनी विचारलं, "पेंटर कोण? दुसरा डोळा कुठंय?"

लिंगराजनं स्टुलाकडं बोट केलं. "ही समोर बसलेली बघा, मॅडम. हिच्याकडं पुरावा न्हाई म्हणतेत. यादीत नाव आलं की दुसरा डोळा उघडतो."

मॅडमनी भिंतीवरचं नाक बघितलं, स्टुलावरचं नाक बघितलं, तीळ बघितला. गुरुजींकडून अर्ज मागवून घेतला. ओळख पटवायला पाच पंच बोलावले, तर पन्नास जण पुढं आले. गिरणीवाला दत्तराव तर म्हणाला, "वळख? म्या रोज हिला उदबत्ती ओवाळतो!" मॅडम हसल्या, पावती दिली आणि म्हणाल्या, चौकशी करू.

चौकशी चालू आहे. तोवर ग्रामपंचायतीत जो येईल त्याला भारतमाता डोळा मारते. गुरुजी हल्ली मागच्या दारानं जातात. अव्वा रोज सकाळी पान चघळत त्या स्टुलावर येऊन बसते, आणि चित्राखालची नावाची जागा लिंगराजनं अजून कोरीच ठेवलीय. दोघांची नावं एकदमच येतील, म्हणतो.