आतून काळं

"काका, हे तुमचं आतडं." डॉक्टर पूर्वानं पडद्यावर बोट ठेवलं. गुलाबी असायला हवं ते जळक्या तव्यासारखं काळं दिसत होतं.

हिंमतरावांनी शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं. नम्रता पडद्याकडेच पाहत होती.

"पोट साफ व्हायला काय घेता?"

"सोनामुखीचं चूर्ण. रोज रात्री, बत्तीस वर्षं." सांगताना गडी जरा ताठच बसला. का नाही बसणार? पहिल्या पाळीत मशीन सोडून संडासला उठायचं, तर बदली माणूस मागावा लागे. हिंमतरावांनी निवृत्त होईपर्यंत तो एकदाही मागितला नाही. पहाटे चारला पोट रिकामं, पाचला कंपनीच्या बसथांब्यावर हजर. घरातही तीच शिस्त. बायकोला, गोदाबाईंना, रोज चमचाभर चूर्ण घ्यावंच लागे. नको म्हणायची बिशाद नव्हती त्यांची.

"घाबरू नका, चूर्णाचा रंग चढलाय. बंद करा, वर्षभरात उतरेल. उलट अशा काळ्यावर एखादी गाठ असली तर चटकन उठून दिसते. तुम्हाला नाहीये."

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण हिंमतराव त्या गाठीपाशीच अडकले.

तीन वर्षांपूर्वी गोदाबाईंना शौचातून रक्त जायला लागलं. तपासू या, म्हणून नम्रता हात धुऊन मागे लागली. तर हे म्हणाले, "मूळव्याधीला कसल्या नळ्या घालताय? चूर्ण दोन चमचे घे." आठ महिने ती बाई निमूट दोन चमचे घेत राहिली. पोट फुगलं तेव्हा दवाखान्यात नेली, तोवर गाठ यकृतापर्यंत पोहोचली होती. महिन्याभरात गेली बिचारी. रोगच वाईट, कोण काय करणार, असं हे येईल त्याला सांगत राहिले.

"आठ महिने आधी पाहिलं असतं, तर गाठ दिसली असती?" त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"हिच्या आईची."

डॉक्टरनं एकदा नम्रताकडे पाहिलं. "बहुतेक दिसली असती, काका."

बाहेर आल्यावर ते भिंतीला धरून उभे राहिले. "रोगच वाईट होता ना गं?"

आजवर दर वेळी नम्रता म्हणत आली होती, हो बाबा. आज ती खाली वाकली, बापाच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

"घाला. रिक्षा करते. घरी कात्रजपर्यंत बसमध्ये उभं राहवणार नाही तुम्हाला."